मेथीची जुडी, जावक क्रमांक ११२

निवृत्त होणाऱ्या माणसाला सरकार पेन्शन देतं आणि शिक्का काढून घेतं. हा सौदा मला कधीच बरोबरीचा वाटला नाही.

एकतीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. मधल्या काळात कागदाचं काय झालं हे विचारणं माझं काम नव्हतं. ज्यांचं होतं तेही विचारत नसत. पण कोणता कागद कुठून आला आणि कुठं गेला, हे कोणीही विचारावं, मी चहाचा कप खाली न ठेवता सांगत असे. अशा माणसाच्या घरात एक दिवस बिनक्रमांकाची मेथी आली.

प्रतिमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जुडी सोडली, नाकाजवळ नेली आणि माझ्यापुढं धरली. मेथीला मेथीचा सोडून बाकी सगळे वास येत होते, त्यात नालीचा वरचढ होता. भाजी टवटवीत दिसावी म्हणून कोण कुठलं पाणी मारतं हे साऱ्या बुलढाण्याला ठाऊक आहे, म्हणूनच कोणी विचारत नाही. मी विचारायला गेलो. पुरावा म्हणून जुडी हातात घेऊनच गेलो.

"ही मेथी कुठली?"

"शेतातली," भाजीवाली म्हणाली.

"कोणाच्या शेतातली?"

"शेतकऱ्याच्या."

"पण कोणत्या गावच्या?"

"काका, मेथी खायाची हाये का तिच्या घरी पोरगी द्याची हाये?"

आजूबाजूच्या चार बाया हसल्या. त्या हसण्याची मी मनात नोंद केली आणि घरी येऊन जाहीर केलं, की उगम न कळलेली पालेभाजी यापुढं या घरात शिजणार नाही. प्रतिमा म्हणाली, "बरं. मग पिठलं टाकते." दुसऱ्या दिवशीही पिठलं झालं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी धाड गावची एसटी धरली.

धाडच्या अलीकडं शालिग्रामचं शेत आहे. शालिग्राम माझा शाळेपासूनचा दोस्त. गणितात माझ्या वहीत डोकावून पास झाला आणि आज माझ्यापेक्षा चार एकरांनी मोठा आहे. त्याची बायको सरस्वतीबाई विहिरीच्या पाण्यावर मेथी, पालक, आंबटचुका काढते आणि धाडच्या आठवडी बाजारात स्वतः बसून विकते. भाजी अशी स्वच्छ, की धुवायला लाज वाटावी. पण बाजारात तिची जुडी आणि नालीत आंघोळ केलेली जुडी शेजारी शेजारी बसतात, आणि दुरून दोघी सख्ख्या बहिणी वाटतात.

त्या दिवशी नवरा-बायको एका काळजीत होते. बुलढाण्याच्या एका मुलींच्या वसतिगृहाला रोजची पालेभाजी हवी होती. तिथल्या रेक्टर अनुपमा मॅडम सरस्वतीबाईंना म्हणाल्या होत्या, "काम तुम्हालाच देईन, पण भाजी स्वच्छ आहे हे मला दाखवा. दोन महिन्यांनी मी बाजारात येऊन बघते." हे काम मिळालं तर सरस्वतीबाईंना उरलेल्या भाजीसाठी अर्जुनराव अडत्याच्या ओट्यावर ताटकळत उभं राहावं लागणार नव्हतं. अर्जुनराव लिलावात भाव पुकारायचे तो भाजीकडं न बघता, बाईच्या थकलेल्या चेहऱ्याकडं बघून.

"साफ हाये हे दाखवाचं कसं बे?" शालिग्राम मला म्हणाला. "मी तं रोज पाह्यतो. पन मॅडमले काय माहे डोळे काढून देऊ?"

"जुडीला जावक क्रमांक दे," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा विहिरीवर एक कावळा ओरडला. मी तो शुभशकुन धरला. कावळ्याचं मत वेगळं असावं.

योजना साधी होती. प्रत्येक जुडीला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर जावक क्रमांक, वाफा क्रमांक, तोडणीची तारीख आणि उत्पादकाचं नाव. रजिस्टरात तीच नोंद, आणि पुढं घेणाऱ्याचं नाव. म्हणजे कोणती काडी कोणत्या मातीतून निघून कोणाच्या कढईत गेली, हे एका बोटावर. मी बुलढाण्यात येऊन पाचशे चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि स्वतःचा गोल शिक्का करून घेतला. शिक्का हातात आला तेव्हा डोळे भरून आले, हे मी प्रतिमाला सांगितलेलं नाही.

पाचशेच्या पाचशे चिठ्ठ्या वाया गेल्या. सातबारा शालिग्रामच्या नावावर, म्हणून मी उत्पादक म्हणून त्याचं नाव छापलं होतं. सरस्वतीबाईंनी चिठ्ठी वाचली, उलटी केली, पुन्हा वाचली.

"भाऊजी, पेरते मी, निंदते मी, जुडी बांधते मी. अन् नाव याचं?"

"वहिनी, जमीन त्याची आहे."

"मंग जमीन ईका बाजारात."

शालिग्राम विहिरीत डोकावून पाण्याची पातळी बघू लागला. नव्या पाचशे चिठ्ठ्यांवर सरस्वतीबाईंचं नाव ठळक अक्षरांत आलं.

आता असं काही करायचं तर परवानगी नको का? मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. टेबलाच्या या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदाच उभा होतो, आणि सांगतो, या बाजूनं टेबल फार उंच दिसतं. "उत्पादक का व्यापारी?" समोरच्या तरुणानं विचारलं. मी म्हणालो, "निवृत्त." तसा रकाना नव्हता. त्यानं मला दुसऱ्या टेबलावर पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्या, आणि तिसऱ्यावरचा माणूस एका लग्नाला गेला होता. आवकचा शिक्का त्यांनी उलटा मारला, तो मी दुरुस्त करून द्यायला निघालो तर शिपायानं माझा हात धरला. अठरा दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ होती: "आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी."

ही ओळ मी ओळखत होतो. एकतीस वर्षांत ती मी स्वतः किती लोकांना पाठवली, त्याला गणती नाही. ती समोरून कशी लागते हे त्या दिवशी कळलं.

शेजारच्या धम्मरत्न सरांनी धीर दिला. सर निवृत्त मुख्याध्यापक. एरवीही हजेरी घेतल्याच्या आवाजात बोलतात आणि समोर कागद धरला की त्यावर जे जे लिहिलं असेल ते सगळं वाचतात, खालचं छापखान्याचं नावसुद्धा. ही सवय लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

"योग्य ती कार्यवाही म्हणजे सुरू करा," सर म्हणाले. "फक्त चिठ्ठीवर मोबाइल नंबर टाका. तक्रार असल्यास संपर्क."

"कोणाचा नंबर?"

"शालिग्रामरावांच्या शेतात तर रेंज नाही. तुम्ही रिकामेच आहात."

'रिकामेच' हा शब्द मी गिळला आणि माझा नंबर टाकला. पहिल्या बाजारानंतर फोन सुरू झाले.

"मेथी कडू लागून राह्यली."

"मेथी कडूच असते, ताई."

"मंग चिठ्ठीवर तसं लिवा ना."

एकानं गॅसची टाकी कधी येणार म्हणून विचारलं. हा मेथीचा नंबर आहे म्हटलं, तर म्हणाला, "मंग 'तक्रार असल्यास' काऊन लिवलं?" एका आजींनी तीन दिवस सलग फोन करून सुनेची तक्रार केली. मी तिन्ही दिवसांची आवक नोंद ठेवली. पुढची कार्यवाही माझ्या स्तरावर होण्यासारखी नव्हती.

बाजारात सरस्वतीबाई जुड्या विकत आणि मी शेजारी पोत्यावर रजिस्टर मांडून बसे. नाव विचारलं की बाया उखडत. "एका जुडीपायी आधार कार्ड आनू का?" काही नंबर देत, काही नुसतं "लिवा, गण्याची माय" म्हणून निघून जात. तेव्हा मी शेवटच्या 'शेरा' या रकान्यात ओळख पटेल असं काहीतरी लिहून ठेवू लागलो. 'लाल शेला, सोन्याचा दात, बुलढाण्याची एसटी.' 'चार काड्या जास्त ओढून घेतल्या.' 'सासूला दोन जुड्या सांगणार, प्रत्यक्षात तीन.' माणसं भाजी घेताना जेवढी खरी असतात तेवढी देवळातही नसतात. तो रकाना मला दर बाजाराला थोडा मोठा करावा लागे.

अर्जुनराव अडते समोरच्या ओट्यावरून हे बघत. पांढरा सदरा, दोन मोबाइल. "साहेब," ते मोठ्यानं म्हणत, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "भाजी सकाळी येते, संध्याकाळी पोटात जाते. मधात फाइल कायले?" लोक हसत. मी मान खाली घालून शिक्का मारत असे.

पण चिठ्ठीची जुडी खपू लागली. तिसऱ्या बाजाराला बाया "नाववाली मेथी" मागू लागल्या. इथं मी थांबायला हवं होतं. पण सुधारणा करणाऱ्या माणसाला थांबता येत नाही, हा त्याचा आजार आहे.

शालिग्रामच्या घरी वाफ्यांना नावं होती. बोरीखालचा, विहिरीजवळचा, म्हसोबाचा, आणि एक मामाचा. कोणता मामा, हे कोणालाही सांगता येत नव्हतं. रजिस्टरात 'मामाचा' असं लिहिणं मला जड गेलं. मी निळ्या रंगाचे, पांढऱ्या आकड्यांचे चार बोर्ड करून आणले, आणि विहिरीकडून सुरुवात करून एक ते चार रोवले. तोडणीला आलेली मेथी दोनमध्ये, बाजूची कोवळी मेथी तीनमध्ये.

मग मॅडम येणार त्याच्या दोन दिवस आधी माझ्या लक्षात आलं, की त्यांना पुढं शेत बघावंसं वाटलं तर त्या रस्त्याकडून येतील, आणि त्यांना पहिला दिसेल तो क्रमांक चार. एकतीस वर्षांच्या तपासण्या पाहिलेला मी माणूस. साहेब क्रमांक एक नीट बघतो, दोनपर्यंत जातो आणि चहाला वळतो. मी बोर्ड उपटले आणि रस्त्याकडून पुन्हा एक ते चार रोवले. रजिस्टरात तशी नोंद केली. शालिग्रामला सांगायचं राहिलं, पण नोंद केली होती.

बाजाराच्या दिवशी पहाटे सरस्वतीबाईंनी मेथी तोडली. मी जुड्यांना शिक्के मारत होतो. "भाऊजी, आज मेथीले वास येऊन राह्यला जरासा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "शाई नवीन आहे."

त्या दिवसाचे जावक क्रमांक एक ते ऐंशी पालक आणि चुका, एक्क्याऐंशी ते एकशे एकवीस मेथी, वाफा क्रमांक तीन. मॅडम दोनला येणार होत्या. अकरापर्यंत मेथीच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जुड्या गेल्या. त्या दिवशी धम्मरत्न सरही स्कूटरवर आले होते, माझा पराक्रम बघायला. मी त्यांना चहा पाजत होतो तेवढ्यात कचरू आला.

कचरू आसपासच्या शेतांत फवारणीची कामं घेतो. त्यानं पालकाची एक जुडी उचलली, बाजूला पडलेली मेथीची उरलेली चिठ्ठी वाचली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, तीन नंबर आज तोडला?"

"हाव. काऊन?"

"काल संध्याकाळी तं मी तीन नंबरवर औषध मारलं. भाऊनं गावातून फोनवर सांगतलं, तीन नंबरच्या मेथीवर मावा पडला, फवारा मार. डबीवर तं लिवलं हाये, पंधरा दिवस तोडाची नाई."

शालिग्राम उठून उभा राहिला. "मी कोवळ्या मेथीचं सांगतलं होतं बे! तोडीची मेथी तुले दिसली नाई?"

"दिसली ना. मले वाटलंही. पन बोर्ड सरकारी होता भाऊ. निळ्या बोर्डाशी आपन कायले भांडा?"

आता सगळे माझ्याकडं बघत होते. शालिग्राम अगदी हळू म्हणाला, "सुध्या, आज्यापासून बोरीखालचा, मामाचा म्हनत आलो. एकदा चुकलो नाई."

जुना तीन कोवळ्या मेथीचा होता, माझ्या नव्या बोर्डांनी तोडीची मेथी तीन झाली होती. एक्केचाळीस घरं. संध्याकाळच्या आत ती मेथी परत आली नाही तर ती पोटात जाणार. परत मागितली तर भर बाजारात बोंब, आणि दोनला मॅडम.

बातमी चार पोती ओलांडून गेली आणि सल्ले यायला लागले. "मिठाच्या पान्यात धुतलं की जाते." "शिजवलं की काही राह्यत नाई." "आमी काय आजवर अमृत खाल्लं?" अर्जुनराव ओट्यावरून उतरून आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "साहेब, गप बसा. कोणाले काय कळते? उरलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या फेकून द्या."

सरस्वतीबाई एवढा वेळ चिठ्ठी हातात धरून होत्या.

"याच्यावर नाव कोणाचं हाये?" त्यांनी विचारलं.

"तुमचं, वहिनी."

"मंग माह्या नावाचं इख लोकायच्या पोराच्या पोटात जाऊ देऊ? लावा भोंगा."

बाजारात भोंगा एकाच माणसाकडं होता: उंदीर मारायचं औषध विकणाऱ्याकडं. त्यानं तो आनंदानं दिला, पण त्यातली त्याची जाहिरात बंद करायचं बटण तुटलेलं होतं. दर अर्ध्या मिनिटाला ती आपोआप वाजे. माईक मी सरांकडं दिला, कारण हजेरीचा आवाज त्यांचाच होता.

"सर्व ग्राहकांना कळवण्यात येतं," सर सुरू झाले, "की आज सरस्वतीबाईंकडून घेतलेली मेथी, जावक क्रमांक एक्क्याऐंशी ते एकशे एकवीस, खाऊ नये. परत आणून द्यावी. बदल्यात दोन जुड्या पालक मिळेल."

आणि भोंग्यातून लगेच, "खाल्ल्याबरोबर जागेवर खलास! ना वास, ना घाण!"

बाजार क्षणभर थिजला, आणि मग आमच्याकडं धावला. ज्यांनी मेथी घेतली होती ते आले, ज्यांनी घेतली नव्हती तेही आले. कोणाच्या हातात परवाची मेथी, कोणाच्या हातात दुसऱ्याच्या दुकानाची, एकजण तर गाजरं घेऊन आला. दोन जुड्या पालक हा शब्द सगळ्यांनी नीट ऐकला होता. मी पोत्यावर उभा राहून ओरडलो, "चिठ्ठी दाखवा! चिठ्ठी नाही त्याचा दावा अमान्य!" आणि गंमत बघा, रांग लागली. एकतीस वर्षांत माझ्या टेबलापुढं इतकी सरळ रांग लागली नव्हती. एका बाईनं मेथी निवडून चिरलेली होती. पातेलं घेऊन आली, वर चिठ्ठी ठेवलेली. मी पातेल्यावर शिक्का मारला.

सत्तावीस जुड्या तासाभरात आल्या. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले, शालिग्राम कचरूच्या मोटारसायकलवर घरोघर फिरला. आणखी आठ आल्या. एक जुडी शेळीनं चिठ्ठीसकट खाल्ली होती. शेळी ठणठणीत होती, आणि अर्जुनरावांनी ती लगेच साक्षीला काढली. "शेळीचा अहवाल ग्राह्य नाही," मी म्हणालो.

चार जुड्या एकाच बाईबरोबर बुलढाण्याच्या एसटीत बसून गेल्या होत्या. मी प्रतिमाला फोन केला, "स्टँडवर जा. लाल शेला, सोन्याचा दात डावीकडं." अर्ध्या तासानं तिचा फोन आला. "चारही मिळाल्या, परतीच्या एसटीनं पाठवते. दात उजवीकडं आहे. नोंदी तरी नीट ठेवत जा."

चाळीस झाल्या. एक राहिली. एकशे बारा.

"सर, एकशे बारा पुकारा," मी रजिस्टर त्यांच्यापुढं धरलं. आणि तिथं मी चुकलो. सरांपुढं कागद धरला होता.

"जावक क्रमांक एकशे बारा," सर भोंग्यातून वाचू लागले. "नाव: सांगितलं नाही. शेरा: तोंडावर पदर. दर बाजाराला येतात. अर्जुनराव अडत्यांच्या घरच्या. कोणाला सांगू नये म्हणाल्या."

उंदराच्या औषधाची जाहिरातही तेवढ्यापुरती थांबली होती.

सगळा बाजार हळूहळू अर्जुनरावांकडं वळला. त्यांचा सदरा तेवढाच पांढरा होता, पण आतला माणूस बराच लाल झाला होता. "खोटं हाये!" ते म्हणाले. "माह्या घरी अडतीची भाजी जाते! आताच्या आता इचारतो!" त्यांनी फोन लावला आणि खरेपणा दाखवायला स्पीकरवर टाकला. सरांनी, मदत म्हणून, माईक फोनजवळ नेला.

"मंजुश्री, तू मेथी घेतली का आज? नाववाली?"

भोंग्यातून त्यांच्या बायकोचा आवाज साऱ्या धाडभर गेला. "हाव, घेतली. आता पराठ्याले चिरतच होते."

"काऊन? घरी भाजी येत नाई का?"

"येते ना. तुमच्या भाजीवर कोणाचं नाव राह्यते? तुमी तं स्वतः म्हनता, कुठून येते कोणाले ठाऊक. हे बाई नाव लिवून देते. मले माह्या लेकराले खाऊ घालाची राह्यते."

"ते मेथी खाऊ नको!" अर्जुनराव ओरडले. "तिच्यावर फवारा हाये!"

"तुमाले कसं कळलं?"

अर्जुनरावांनी एकदा सरस्वतीबाईंकडं पाहिलं. मग, जणू दात उपटून घ्यावा तसं, म्हणाले, "तिनंच सांगतलं. भोंग्यावर."

"पाहा," मंजुश्रीबाई म्हणाल्या, "तुमी सांगतलं असतं?"

बाजार हसला. ते हसू माझ्या जुन्या नोंदीतल्या चार बायांच्या हसण्यापेक्षा फार मोठं होतं, आणि माझ्यावर नव्हतं. अर्जुनरावांचा गडी धावत गेला आणि एकशे बारा, अर्धी चिरलेली, चिठ्ठीसकट घेऊन आला. एक्केचाळीस. मी रजिस्टरात शेवटची बरोबरची खूण केली आणि मान वर केली, तर समोर अनुपमा मॅडम उभ्या.

"किती वेळ झाला येऊन?" मी घाबरत विचारलं.

"गाजरंवाला आला तेव्हापासून."

सरस्वतीबाईंनी पदर नीट केला आणि सरळ सांगितलं, "मॅडम, आमची चूक झाली. मेथी वापस घेतली. काम नाई दिलं तरी तुमचं खरं हाये."

"आमची नाही, माझी," मी म्हणालो. "बोर्ड मी बदलले."

मॅडमनी रजिस्टर मागितलं. एकेक पान उलटलं. शेऱ्याच्या रकान्यापाशी त्यांचे ओठ हलत होते. त्या हसू दाबत होत्या की राग, हे मला कळेना, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब तपासणी होती.

"चांगली भाजी देतो म्हणणारे मला रोज दहा भेटतात," त्या शेवटी म्हणाल्या. "वाईट भाजी भर बाजारात परत मागणारी बाई आज पहिल्यांदा पाहिली. आणि दोन वाजायच्या आत एक्केचाळीसचा हिशोब लावलात. माझ्या दीडशे मुली आहेत, मला हेच हवंय. सोमवारपासून सुरू करा."

शालिग्रामनं तोंड फिरवून नाक पुसलं आणि धूळ फार उडते म्हणाला.

"एक अट आहे," मॅडम मला म्हणाल्या. मी शिक्का मागं लपवला. "आकड्यांचे बोर्ड काढा. घरच्यांना कळतं तेच नाव चिठ्ठीवर लिहा."

संध्याकाळी खड्डा करून मेथी पुरली. मी पंचनामा केला: 'एकूण ४१, पैकी ४० खड्ड्यात, १ शेळीत. शेळी निरीक्षणाखाली, प्रकृती उत्तम.' कचरूनं निळे बोर्ड उपटले तेव्हा मला थोडं लागलं, पण मी ते दाखवलं नाही. आता सरस्वतीबाईंच्या चिठ्ठीवर 'मामाचा वाफा' असं छापलेलं असतं, आणि वसतिगृहातल्या मुली मामा कोण म्हणून फोन करतात. मी सांगतो, तपास सुरू आहे.

पुढच्या बाजाराला अर्जुनराव आमच्या पोत्याशी आले. दोन्ही मोबाइल खिशात, हातात कागद. त्यांच्या अडतीवर येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालालाही नाव आणि क्रमांक लावून मिळावा, असा रीतसर अर्ज. गिऱ्हाईक आता ओट्यावर येऊन "कोणाची हाये?" विचारू लागलं होतं. मी अर्ज घेतला, आवक शिक्का सरळ मारला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीच्या हातानं खाली लिहिलं: "आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी." लिहिताना जे सुख झालं ते पेन्शनीत नाही.

सरस्वतीबाईंनी तो कागद माझ्या हातातून काढून घेतला. "भाऊजी, अडवू नका. शेतकऱ्याचंच भलं होते त्यात." मग अर्जुनरावांकडं वळून म्हणाल्या, "पन दादा, शिक्क्याच्या आधी घरच्या वहिनीची सही आना."

अर्जुनराव अर्ज घेऊन गेले. मला वाटलं, गेले ते गेलेच. दुपारी परत आले आणि अर्ज माझ्यापुढं ठेवला. खाली सही होती, ठसठशीत, आणि शेऱ्याच्या जागी मंजुश्रीबाईंच्या अक्षरात एक ओळ:

'पहिली जुडी आधी आपल्या घरी आणावी. पराठे झाल्यावर कळवते.'

मी त्या अर्जाला जावक क्रमांक एक दिला.